कावळे हाकलणारा आवाज

दर्पणने आपल्या बायकोचा आवाज नीट असा पहिल्यांदा ऐकला तो मेहुलच्या दुकानात, स्पीकरमधून.

मेहुलचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बोईसर स्टेशनपासून जवळच आहे. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून दोघं तिथं सरावाला बसत. दर्पण दांडी गावचा, मेहुल शेजारच्या नवापूरचा. कॉलेजात असल्यापासून एकाच बँजो पार्टीत होते. दर्पण ऑक्टोपॅडवर, मेहुल कीबोर्डवर. पुढे पार्टी मोडली. दर्पण तारापूर एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात लागला, लग्न झालं, सालवडला भाड्याची खोली झाली. पण हातांची खाज काही गेली नाही. मग त्याने ग्रूव्हबॉक्स घेतला. वहीएवढी मशीन, वर रबरी बटणं आणि फिरवायच्या चकत्या. ढोल, ताशा, बेस, बाहेरून पकडलेला कुठलाही आवाज आत भरायचा, बटणांवर मांडून ठेवायचा, आणि लोकांसमोर उभं राहून त्यातून हातोहात संगीत उभं करायचं. कुठला ठोका कधी आणायचा, कधी दाबायचा, हे तिथल्या तिथं ठरतं. चुकलं तर चुकलं.

त्याचं बघून मेहुलनेही एक मशीन घेतली. दोन्ही मशीन वायरने जोडायच्या; दर्पणची चाल देणार, मेहुलची तिच्या मागे चालणार. जोडीचं नाव ठेवलं ‘खाजण’, गावाजवळच्या खाऱ्या दलदलीवरून. हळदी, साखरपुडे, गच्चीवरचे वाढदिवस, अशा सुपाऱ्या येऊ लागल्या. सगळी तयारी दर्पण करायचा. कोणत्या ठोक्यामागून कोणता, कुठं आवाज चढतो, कुठं बेस फुगतो आणि हॉलमध्ये घुमतो, हे तो सुट्टीच्या दिवशी कानाला हेडफोन लावून तासन् तास बघत बसे. कारखान्यात तो प्रेशर दाखवणारी गेजं तपासायचा. घरी ठोके तपासायचा.

त्या रविवारी मेहुल म्हणाला, “नवीन एक बसवलाय. ऐक.”

आधी नुसता खालचा ठोका आला. मग त्यावर बाईची हाळी:

“हाऽऽड रे काळ्या, हाऽऽड! माजा जवला, नाय तुजा, हाऽऽड!”

सुकवायला घातलेल्या मासळीवरचे कावळे उडवताना बायका घालतात तशी. पण या हाळीत शेवटचा ‘हाड’ वर चढून मोडत होता, जणू बाई ओरडता ओरडता हसू दाबते आहे. मेहुलने तो शेवट कापून ठोक्यात असा बसवला होता की पाय आपोआप हलावा. दर्पणचा हललाही.

“बाईचा आवाज भारी हाय रे,” तो म्हणाला. “कुठून उचललास?”

मेहुल हसायलाच लागला. “अरे, वयनी हाय ती! बायकोचा आवाज वळखत नाय?”

दर्पणही हसला. दोनदा हसला. मेहुल सांगत होता: मागच्या आठवड्यात तू सेकंड शिफ्टला होतास, मी वायर द्यायला घरी आलो, वयनी गच्चीत जवळा सुकवत होत्या, कावळ्यांनी नुसता उच्छाद मांडलेला; त्यांनी हाळी घातली आणि मी जिन्यातच थांबलो. म्हटलं, वयनी, परत एकदा. लगेच फोनवर घेतला.

“चांगला हाय,” दर्पण म्हणाला. “फक्त बेस जरा खाली घे.”

बेसला काहीही झालेलं नव्हतं.

त्यानंतरच्या पंधरवड्यात आलेवाडीला एका हळदीला त्यांनी ती हाळी पहिल्यांदा लोकांत वाजवली. संध्याकाळ झाली होती, मांडवात दिवे लागत होते. दर्पणने पहिला अर्धा भाग अगदी नेटका वाजवला. लोक खुर्च्यांवर बसून माना डोलावत होते. मग मेहुलने बटण दाबलं आणि “हाऽऽड रे काळ्या” ऐकताच सगळ्या बायका हसत उठल्या. तिसऱ्या फेरीला आख्खा मांडव ‘हाड’ म्हणत हात उडवत होता. नवऱ्या मुलाची आत्या कमरेला पदर खोचून पुढे आली आणि कावळे हाकलत नाचली. पुढचं दर्पणने बसवलेलं काही कोणाला नको होतं. परत परत तेच हवं होतं.

वाजवून झाल्यावर त्या आत्यानं विचारलं, “ती बाय कोण रं? आपल्यातलीच वाटते.”

“आमची वयनी हाय,” मेहुल म्हणाला.

दर्पण वायरी गुंडाळत होता. ‘आमची’ हा शब्द त्याच्या कानात माशीसारखा शिरला आणि घरी पोचेपर्यंत बाहेर आला नाही.

जागृती घिवलीची. कुंभवलीला सर्जिकल पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीत पॅकिंगला जायची. बोलणं मोजकं, कामाचा उरक दांडगा. दर्पणच्या संगीताबद्दल ती चांगलं-वाईट काही म्हणत नसे. तो हेडफोन लावून बसला की ती खुणेनं जेवायला बोलवायची.

“मेहुलला आवाज दिलास ते मना सांगितला नाय,” ताटावर बसल्यावर दर्पण म्हणाला.

“कसला आवाज? ते कावल्यांचा?” ती म्हणाली. “त्यात सांगायचा काय? तो म्हणाला परत बोला, मी बोलली. इसरून पन गेली.”

“आज अख्खा मांडव नाचला त्यावर.”

जागृतीचा घास हातातच राहिला. “खरा?” तिचा चेहरा उजळला. “काय म्हनत होते? हसले?”

लग्नानंतर इतक्या वर्षांत आपल्या वाजवण्याविषयी तिनं असं कधी विचारलं नाही, हे दर्पणला नेमकं त्याच क्षणी जाणवलं.

“मनापन पायजे,” तो म्हणाला. “मी चांगला माइक लावून घेतो. फोनवर घेतलेला त्याचा खरखरतो.”

पुढच्या सुट्टीला त्याने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, भिंतीला गोधडी टांगली आणि जागृतीला माइकसमोर उभं केलं. “तोंड इथं. मी बोट खाली केला की बोल.”

“हाड रे काळ्या, हाड,” जागृती म्हणाली.

“तसा नाय. त्या दिवशीसारखा.”

“हाऽड रे काळ्या—”

“शेवट वर ने.”

ती घामाघूम झाली. त्याने पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं. आवाज स्वच्छ येत होता, काचेसारखा, आणि त्यात काही म्हणजे काही नव्हतं. दूरदर्शनवर बातम्या द्याव्यात तशी ती कावळ्यांना हाकलत होती. शेवटी तिनं माइक बाजूला सारला.

“हितं कावला नाय, जवला नाय, वारा नाय. कुनाला हाकलू? तुला?”

“मेहुलला एका फटक्यात कसा दिलास?”

“त्याला नाय दिला. मी कावले हाकलत होती, तो ऐकत होता,” ती म्हणाली, आणि खिडक्या उघडायला गेली.

असूयेचं एक असतं, तिला खायला रोज थोडं काहीतरी लागतं आणि ती ते शोधून काढते. दर्पण कारखान्यात गेज हातात घेऊन उभा असला तरी डोक्यात जिना असायचा. मेहुल जिन्यात किती वेळ उभा होता? ‘परत एकदा’ म्हणाल्यावर ती लाजली असेल का? त्या शेवटच्या ‘हाड’मधलं हसू कावळ्यांचं नव्हतं, कुणीतरी समोर उभं होतं म्हणून ते आलं होतं. हे त्याने हेडफोन लावून नक्की करून घेतलं. मेहुलकडून ती फाइल मागून घेतली होती आणि तो ती कमी वेगाने लावून ऐकायचा. कमी वेगात हसू आणखी स्पष्ट व्हायचं.

एकदा फर्स्ट शिफ्ट करून कंपनीच्या बसने स्टेशनजवळ उतरला तर समोर मेहुलच्या दुकानात जागृती. काउंटरला टेकून उभी, मेहुल काहीतरी सांगतोय, ती तोंडावर हात ठेवून हसतेय. दर्पण रस्त्याच्या अलीकडे वडापावच्या गाडीमागे थांबला. ती रिक्षात बसून जाईपर्यंत तिथंच राहिला, मग मुद्दाम चालत सालवडला गेला.

घरी पोचतो तो जागृतीनंच सांगितलं, “मेहुलकडं गेली होती, फोनची काच बदलली. तो सांगत होता, तुमच्या बँजो पार्टीत तू येकदा ऑक्टोपॅडसकट स्टेजवरून पडलास म्हने! मना कदी बोलला नाय.”

म्हणजे ती त्याच्यावरच हसत होती. यात धरायला कुठं काही नव्हतं. तरीही त्या संध्याकाळी तो तिच्याशी बोलला नाही, आणि का बोलत नाही हे तिनं विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणाला.

मग पालघरच्या तरुणांच्या एका मंडळाने संगीताची संध्याकाळ ठरवली. मोठं मैदान, चांगली साउंड सिस्टिम, मुंबईहून दोन कलाकार, आणि स्थानिकांतून ‘खाजण’. बोलावणं आलं ते मेहुलला. आलेवाडीच्या मांडवातला व्हिडिओ कोणीतरी पसरवला होता. “ते कावळ्यावालं शेवटी घ्या,” आयोजकाने सांगितलं होतं.

दर्पणने तयारी अंगावर घेतली, नेहमीसारखी. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मेहुल आपली मशीन त्याच्याकडे ठेवून गेला. “दोनीचे आवाज सारखे करून ठेव. तुजा कान तो तुजाच, मना नाय जमत,” असं मनापासून म्हणाला. जागृती कामावर होती. दर्पण दुपारभर बसला. दोन्ही मशीन जोडल्या, एकेक ठोका तपासला, मेहुलचे फुगलेले बेस आवरले. काम चोख झालं. सगळ्यात शेवटी हाळी उरली. त्याने ती वाजवली. खोलीत त्याची बायको दुसऱ्या कोणासाठी हसली.

त्याने यादीतलं हाळीचं नाव निवडलं. काढून टाकू का, असं मशीनने छोट्या पडद्यावर विचारलं. त्याने हो म्हटलं. मग मेहुलच्या फोनवरून आलेली आपल्याकडची फाइलही काढली. परत आणायची सोय नव्हती. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली, जागृती आली, आणि त्याने मशीन पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी पालघरला मैदानावर उन्हं कलली होती. स्टेजवर आवाज तपासणी सुरू झाली. जागृती मैदानात पहिल्या रांगेत आपल्या मावसबहिणीबरोबर, हेतलबरोबर, बसली होती. नवी साडी नेसली होती. आपला आवाज मोठ्या स्पीकरवर ऐकायला ती मुद्दाम आली होती.

मेहुलने बटण दाबलं. ठोका आला, हाळी नाही. पुन्हा दाबलं. मशीनच्या आत शोधलं, कार्ड काढून फुंकून परत घातलं. फोन काढला, फोन तर त्याने महिन्यापूर्वी साफ केला होता.

“गेला,” तो म्हणाला. “कार्ड जुना होता, मीच बदलला नाय. माजीच चूक. दर्पण, तू येवढी मेहनत घेतलीस आनी मी बघ.” मग स्टेजच्या कडेला जाऊन खाली वाकला. “वयनी, माफ करा. तुमचा आवाज मी हरवला.”

जागृती उठून स्टेजजवळ आली. “हरवला कसा? काल मशीन कुनाकडं होती?”

“दर्पणकडं. पन तो कशाला—” मेहुल बोलता बोलता थांबला.

दोघांनी दर्पणकडे बघितलं. कार्ड जुनं होतं, एवढंच म्हणायचं होतं. मेहुलने ते आयतं हातात दिलं होतं. पण दर्पणच्या तोंडून तेवढं खोटं निघेना.

“मी काडला,” तो म्हणाला.

“चुकून?” मेहुलनं विचारलं.

“नाय.”

स्पीकरमधून नुसता ठोका चालू होता. मेहुलने तो बंद केला. जागृती वळून आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. हेतल तिला काहीतरी विचारत होती, ती मान हलवत होती.

त्यांचं नाव पुकारलं तेव्हा मैदान भरलं होतं. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. दर्पणने चाल धरण्यासाठी बोट वर नेलं, आणि मेहुलने आपल्या मशीनमधली जोडवायर उपसून टेबलाखाली सोडून दिली. मग न सांगता सुरू झाला.

आता दोन मशीन आपापल्या चालीने धावणार होत्या. दर्पणने सुरुवात केली ती अर्ध्या ठोक्याने मागे पडली. दोन ढोल एकमेकांच्या पायात पाय घालून धडपडले. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी तोंड वाकडं केलं. त्याने घाईने आपला ढोल दाबला, चाल चकतीने हळूहळू वाढवत नेली, मेहुलला गाठलं. गाठतो न गाठतो तोच मेहुलने वेग चढवला. दर्पणचा ठरवलेला क्रम कधीच कोलमडला होता. मेहुल काय करणार हे कळायला एकच मार्ग होता, त्याचं ऐकणं. म्हणून तो ऐकत राहिला. मेहुल ठोक्याच्या आधी एक बारीक जागा सोडतो, श्वासासारखी. इतकी वर्षं दर्पण तयारीत ती जागा चूक समजून सरळ करून टाकत होता. आज त्या जागा उघड्या होत्या आणि लोक त्यांतच पाय टाकत होते.

तेही त्याला सहन झालं नाही. म्हणजे हेही याच्याकडे होतंच. तो आतून जळत होता आणि त्याचे हात मेहुलच्या मागे धावत होते. दोन-तीनदा सुटलं, एकदा फारच वाईट सुटलं. शेवट बरा झाला. टाळ्या पडल्या, बेताच्या. “कावळा! कावळा!” असं मागून काही पोरं ओरडत राहिली, आणि मुंबईचा कलाकार स्टेजवर आला.

मागच्या बाजूला मेहुलने मशीन पिशवीत भरली. “यापुढं मी एकटा वाजवीन,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. “मारला असतास तरी चालला असता रे. दोन दिवसांनी बोललो असतो.”

परतताना मोटरसायकलवर जागृती मागे बसली, त्याच्या खांद्याला हात न लावता, मागचा दांडा धरून.

“तुला वाटला काय, माजा आनी त्याचा काय हाय?” उमरोळी गाव मागे पडल्यावर तिनं विचारलं.

“नाय,” तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “वाटलाही असंल. पन ते नाय. तू त्याच्यासाठी हसलीस. माज्या माइकवर नाय हसलीस.”

“मी कुनासाठी हसली नाय. येक कावला पार माज्या डोक्यावर बसाया आला म्हनून हसली.” गाडीच्या आवाजावर तिचा आवाज चढला. “आनी हसली असती तरी? आवाज कुनाचा होता? तुजा नाय, मेहुलचापन नाय. उबं मैदान ऐकनार होता माजा आवाज. पट्ट्या भरून भरून माजी कंबर जाते, मना कोन वळखत नाय. येक दिवस होता माजा. तो तू पुसलास.”

चूक झाली, असं तो म्हणाला; वाऱ्यात तिला ते ऐकू गेलं की नाही कळलं नाही, आणि परत म्हणायचा धीर झाला नाही.

नंतरचे दिवस घरात कामापुरतं बोलणं राहिलं. मेहुल एकटा कार्यक्रम करू लागला. नवापूरला, मुरब्याला, एकदा डहाणूला. दर्पणला ते व्हिडिओ दिसायचे. तो बघायचा नाही असं ठरवायचा आणि बघायचा. आपली मशीन तो काढायचा, दोन ठोके मांडायचा आणि झाकून ठेवायचा. एकदा दुकानात जाऊन मेहुलला म्हणाला, “माजा चुकला.” मेहुलने हातातल्या फोनचे स्क्रू काढता काढता “हां” म्हटलं. बसायला स्टूल पुढे केलं नाही.

थंडी पडली. एका सकाळी जागृती म्हणाली, “रविवारी मेहुलला बोलावलाय. गच्चीत जवला घालनार हाय मी. तू घरी असशील, म्हनून आदीच सांगते.”

दर्पणच्या डोक्यात पुन्हा तो जिना उभा राहिला. असूया काही कमी झालेली नव्हती.

“बरा,” तो म्हणाला.

रविवारी मेहुल आला. “कसा हायस?” म्हणाला, “बरा हाय,” दर्पण म्हणाला, तेवढंच. जागृतीने दर्पणला बजावलं, “तू गच्चीत येऊ नको. डाल लाव.” खोली वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघराची खिडकी गच्चीवर उघडते. त्याने डाळ धुतली, कुकर गॅसवर चढवला आणि खिडकीतून बघत राहिला. जागृतीने जुन्या साडीवर जवळा पसरला, हाताने पातळ केला. मेहुल टाकीच्या सावलीत कठड्याला टेकून बसला, आवाज घ्यायला फोन मांडीवर, मान खाली, जणू तो तिथं नाहीच. कितीतरी वेळ काही झालं नाही. तिनं त्याच्याशी गावच्या गोष्टी काढल्या. एक कावळा कठड्यावर आला. मग दुसरा.

जागृती उठली, पदर सावरला, छातीत श्वास भरला.

दर्पणच्या मागे कुकर फुरफुरू लागला होता. शिटी आता होणारच होती, आणि खिडकी उघडी होती. ती लावली तर तिची कडी करकरते. त्याने हात मागे नेऊन गॅस बंद केला. कुकरचा फुरफुराट बसेपर्यंत तो श्वास रोखून उभा राहिला.

बाहेर हाळी उठली. लांब, वर चढत गेलेली, आणि शेवटी मोडून हसण्यात गेलेली. मेहुल हसला नाही, हलला नाही. तो चांगला ऐकणारा होता. दर्पणने ओट्याची कड घट्ट धरली. ते हसू आतपर्यंत लागलं, आणि तरी एक शब्दही चुकू नये म्हणून तो कान देऊन उभा होता.

“झाला?” जागृतीने विचारलं.

“थांबा वयनी, आनखी येक कावला येतोय.”

ती वळून खिडकीकडे आली. बंद गॅस, गप्प कुकर आणि नवऱ्याचा चेहरा, तिनं सगळं एका नजरेत बघितलं.

“डाल शिजली?” तिनं हळू आवाजात विचारलं.

“नाय,” तोही हळूच म्हणाला. “येळ लागंल. तुमचा होऊ दे.”